टीप वाचणारी साळवे

जून उजाडला की आमच्या लॅबच्या दारात कोणी ना कोणी येऊन उभं राहतंच. यंदाही एक मुलगी आली. मी समोरच बसले होते. टेबलावर पाटी, विभागप्रमुख, रसायनशास्त्र, नावाआधी डॉक्टर. पोरीने पाटी वाचली, मला आपादमस्तक बघितलं आणि विचारलं, "मैम, वो सालवे दीदी किधर बैठती हैं? एमएससी का पूछना था."

मी म्हटलं, मला विचार की. तर म्हणते, "नहीं मैम, आप बिज़ी होंगी." घ्या! मी कसली बिझी? सकाळपासून माशा मारत बसले होते.

साळवे कॉलेज सोडून गेली त्याला तीन वर्षं झाली. आता ती भोपाळला लेकीकडे राहते आणि तिथल्याच एका मुलींच्या कॉलेजात शिकवते. पण इथे अजून तिचंच नाव चालतं. खोटं कशाला बोलू, बारा वर्षं मी त्या बाईवर जळले. आणि ज्या एम.एस्सी.साठी ती उभा जन्म थांबली होती, त्या एम.एस्सी.च्या प्रवेशाचा एक कागद मी माझ्या खणात दाबून ठेवला. ते सांगायचंच आहे. पण आधी ती काय चीज होती ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल, ही उगाच जळत होती. उगाच नव्हते.

निर्मला साळवे आमच्याकडे लॅब टेक्निशियन होती. शिक्षण बी.एस्सी. राहायला महूला, वडील फौजेतले. रोज सकाळी बसने इंदूरला यायची, आणि बस कितीही लेट असली तरी ही बाई वेळेवर. कसं ते मला कधी कळलं नाही. आम्ही दोघी एकाच वयाच्या. तोंडावर मी तिला अहो-जाहो करायचे आणि मनात अगं-तुगं. इथेही मनातलंच चालू देते.

केमिस्ट्रीत पहिल्या वर्षाला शिकवतात की बाटलीला नाक लावायचं नाही. हाताने हवा आपल्याकडे ओढायची आणि मग हुंगायचं. आपण सगळे ते परीक्षेपुरतं शिकतो. साळवेच्या हातात ते कायमचं भिनलं होतं. चहा आला की पंजाने दोनदा हवा ओढणार, मगच कप तोंडाला. डब्याचं झाकण काढलं की तसंच. एकदा प्राचार्यांनी वाढदिवसाला केक आणला, तर त्यावरूनही हिने पंजा फिरवला आणि म्हणाली, "व्हॅनिला जास्त झालाय, सर." प्राचार्य हसले. मी तसं काही बोलले असते तर?

पण तिचं खरं राज्य होतं खिडकीखालच्या कपाटात. पूर्वी तिथे ॲसिडच्या बाटल्या असायच्या. साळवेने तिथे प्रवेशाची माहितीपत्रकं जमवली होती. उज्जैन, भोपाळ, जबलपूर, बडोदा, नागपूर, दक्षिणेतल्या मोठ्या मोठ्या संस्था. कडा ॲसिडने पिवळ्या पडलेल्या. लोक जेवताना मोबाईल बघतात, ही माहितीपत्रक वाचायची. ओळीखाली फुटपट्टी धरून, पेन्सिलने बारीक बरोबरची खूण करत. कुठल्या विद्यापीठाला बी.एस्सी.ला तिन्ही वर्षं केमिस्ट्री लागते, कुठे दोन चालतात, कुठे पंचावन्न टक्के, कुठे साठ, कुठे प्रवेश परीक्षा, कुठे नुसती मेरिट. सगळं तोंडपाठ. पोरं रडत यायची, तर ही त्यांच्यापुढे पुस्तिका सरकवून म्हणायची, "पहले नियम पढ़, फिर रो." आणि नियम वाचून झाला की, "आता टीप वाच. खरं सगळं टिपेत असतं."

पूजा नावाची एक मुलगी होती. बापाची मल्हारगंजात भांड्यांचं दुकान. तिला चोपन्न पूर्णांक काहीतरी टक्के पडले आणि विद्यापीठाला हवे पंचावन्न. अर्ध्या टक्क्यासाठी बाप लग्न उरकायला निघाला होता. पूजा आधी माझ्याकडे आली, हे मला आवर्जून सांगायचंय. मी तिला समजावलं की बेटा, नियम म्हणजे नियम, पुढच्या वर्षी बघू. ती उठून पलीकडे साळवेकडे गेली. साळवेने मार्कशीट घेतली, पुस्तिकेचं शेवटचं पान उघडलं, आणि तिथे खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं होतं की टक्केवारी काढताना फाउंडेशनचे पेपर धरू नयेत. म्हणजे हिंदी, इंग्रजी, पर्यावरण बाजूला काढायचे. पोरगी हिंदीतच घसरली होती. ते काढल्यावर सत्तावन्न झाले! पूजा तिथेच साळवेच्या गळ्यात पडली. मी आपली शेजारच्या टेबलावर जर्नल तपासत बसले. त्या दिवशी कोणाच्या जर्नलमध्ये काय लिहिलं होतं ते देव जाणे, मी सगळ्यांना सातच दिले.

आता तुम्ही म्हणाल, मग स्वतः का नाही केलं तिने एम.एस्सी.? हे मलाही बरीच वर्षं माहीत नव्हतं. विचारायची मला काय गरज होती? एकदा लाइट गेली, लॅब बंद, तेव्हा तिनेच सांगितलं. बी.एस्सी. जबलपूरला झाली, कारण वडिलांची पोस्टिंग तिथे. मग घरच्यांबरोबर महूला आली, इथल्या विद्यापीठात अर्ज केला आणि यादीत नाव लागलं. प्रवेशाच्या दिवशी खिडकीवरच्या बाबूने विचारलं, मायग्रेशन कुठाय? जबलपूरचं विद्यापीठ सोडल्याचा दाखला. तो लागतो हेच हिला माहीत नव्हतं. घरात पहिलीच मुलगी कॉलेजात गेलेली, सांगणार कोण? दाखला आठ दिवसांनी आला, तोपर्यंत सीट गेली. मग लग्न झालं, लेक झाली, सासू अंथरुणाला खिळली, नवरा गेला, आणि ही आमच्याकडे बाटल्या धुवायला लागली. केमिस्ट्रीत घरी बसून परीक्षा देता येत नाही, प्रॅक्टिकलं असतात ना. "माहितीपत्रकात लिहिलेलं होतं, मॅडम," ती म्हणाली. "टिपेत. मी वाचलंच नव्हतं."

मला वाईट वाटलं. अगदी खरं सांगते, वाटलं. पण त्याच्याखाली एक गारवाही वाटला, की चला, हिच्याकडे नाही असं काहीतरी आहे, आणि ते माझ्याकडे आहे.

तो गारवा ऋचाने घालवला. ऋचा माझी मुलगी. बी.एस्सी. केली बायोटेक आणि केमिस्ट्री घेऊन, चांगले मार्क. तिला केमिस्ट्रीतच एम.एस्सी. करायची होती, तीही दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत. घरात केमिस्ट्रीची पीएच.डी. बसलेली असताना बाहेर विचारायचं काय कारण? फॉर्म मी भरला. प्रवेश परीक्षेत पोरगी चांगली आली. मी कॉलेजभर सांगत सुटले.

एक दिवस सिंकपाशी साळवे हळूच म्हणाली, "मॅडम, ऋचाचं बारावीला मॅथ्स होतं का?"

"बायो होतं. का?"

"नाही, मतलब, त्या संस्थेला मॅथ्स लागतं. एकतर बारावीला, नाहीतर बी.एस्सी.ला एक वर्ष. एकदा बघून घ्या."

मी म्हटलं, "साळवे, मी बावीस वर्षं केमिस्ट्री शिकवतेय. माझ्या मुलीचं मी बघते."

ती "जी" म्हणाली आणि ब्युरेट धुवायला लागली. मी घरी जाऊनही वाचलं नाही. वाचलं असतं तर साळवेचं ऐकल्यासारखं झालं असतं! पुढे काय झालं ते सांगायला नकोच. कागद तपासताना ऋचाला परत पाठवलं. अडीच हजार किलोमीटर जाऊन येऊन पोरगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्कूटर काढून निघाली, मला वाटलं विजय नगरला मैत्रिणीकडे गेली असेल. ती गेली महूला, साळवेच्या घरी. साळवेने रविवारभर पुस्तिका उपसल्या आणि गुजरातेतलं एक विद्यापीठ शोधून काढलं. तिथे मॅथ्सची अट नव्हती आणि फॉर्मला अजून चार दिवस होते. ऋचाला तिथे प्रवेश मिळाला, आणि छान चाललं तिचं.

मी साळवेचे आभार मानले. दात-ओठ खात मानले, पण मानले. त्याच आठवड्यात घरी वरण केलं, तर ऋचाने पातेल्यावरचं झाकण उचललं आणि पंजाने दोनदा हवा ओढून घेतली. अगदी तश्शी. माझ्या मुलीने माझं काय उचललं होतं आजवर? चष्म्याचा नंबर.

त्यानंतर दोन वर्षांनी साळवेने एम.एस्सी.चा फॉर्म भरला. लेकीचं लग्न झालेलं, नोकरीही लागलेली. घरात आता कोणाचं काही करायचं उरलं नव्हतं. विद्यापीठाची सकाळची बॅच सुरू झाली होती, म्हणजे बारापर्यंत तिथे शिकून दुपारी आमच्याकडे काम करता आलं असतं. वयाची अट नाही. मधे सत्तावीस वर्षांचा गॅप, तर त्याचं शपथपत्र लागतं. ते करायला गेली तेव्हा कोर्टाबाहेरचा नोटरी म्हणाला, "दीदी, इतना गैप? बच्चे का नाम लिखना था, आपने अपना लिख दिया." साळवे म्हणाली, "नहीं भिया, बच्चे का हो गया, अब मेरा नंबर है." हे तिने स्टाफरूममध्ये सांगितलं, सगळे हसले, टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. आणि मग मी म्हटलं, "यांना काय, यांना पन्नास टक्क्यांतही चालतं."

हे वाक्य मी का बोलले, ते माझ्या तोंडात कुठून आलं, याचं उत्तर मला माहीत आहे आणि ते मला लिहवत नाही. साळवे शांतपणे म्हणाली, "मला अठ्ठावन्न आहेत, मॅडम. पण पन्नास असते तरी भरला असता. नियम आहे तो, कोणाची मेहरबानी नाही." आणि चहावरून पंजा फिरवून चहा प्यायली.

आता तो कागद. नोकरी करणाऱ्याला प्रवेश घ्यायचा तर संस्थेची ना-हरकत लागते, आणि आमच्याकडे ती आधी विभागप्रमुखाने सही करून पुढे पाठवायची. म्हणजे मी. साळवेने अर्ज दोन प्रतींत आणला. एक मला दिली, दुसरीवर पोच म्हणून माझी सही घेतली. मी फोनवर बोलत होते, न बघता केली. मग पहिली प्रत खणात टाकली, काचसामानाच्या कॅटलॉगखाली. त्या दिवशी विसरले. दुसऱ्या दिवसापासून मात्र विसरले नव्हते.

ती तीनदा विचारायला आली.

"मॅडम, तो कागद?"

"बघते."

"शुक्रवार शेवटचा आहे, मॅडम."

"बघते म्हटलं ना."

तिसऱ्यांदा तिने फक्त दारातून बघितलं, मी मान खाली घातली, आणि ती गेली. एका सहीचं काम होतं हो! पेन हातात होतं. पण मला दिसायचं की ही एम.एस्सी. झाली की मग माझ्याकडे हिच्यापेक्षा जास्त काय राहणार? पोरं तिची, पोरगी तिची, प्राचार्य तिच्या कौतुकात. माझ्याजवळ दोन डिग्र्या होत्या तेवढ्याच. त्यातली एक तिला द्यायला माझा हात धजेना. शुक्रवार गेला. शनिवारी मी खण उघडला, कागद बघितला आणि परत बंद केला. त्या रात्री झोप छान लागली, हे सांगायला लाज वाटते.

पुढच्या आठवड्यात यादी लागली. दुपारी लॅबमध्ये एकच गिल्ला. पोरं कचोऱ्या घेऊन आली, "सालवे दीदी का हो गया!" मला काही कळेना. ना-हरकत नाही तर प्रवेश कसा? पोरांपैकीच एकाने सांगितलं. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर टीप होती, की संस्थेने वेळेत ना-हरकत दिली नाही तर उमेदवाराने अर्ज केल्याची पोच जोडून स्वतःचं हमीपत्र द्यावं, ते ग्राह्य धरलं जाईल. पोच. माझ्याच सहीची.

साळवे प्राचार्यांना सांगेल, ते विचारतील की तुम्ही सही का नाही केली, मी काय सांगणार? घाईघाईने खण उघडला, कॅटलॉगखालचा कागद काढला, झोकात सही केली आणि खाली तारीख टाकली शेवटच्या शुक्रवाराच्या आधीच्या मंगळवारची. म्हणजे सही वेळेतच झालेली, कागद बिचारा फायलीत अडकला. लॅबमध्ये काम करणाऱ्याने मागची तारीख टाकणं म्हणजे काय, हे मी दरवर्षी पहिल्या तासाला पोरांना सांगते. रीडिंग चुकलं तर चालेल, तारीख खोटी नको.

पोरं गेल्यावर मी साळवेच्या टेबलापाशी गेले. चेहरा होईल तेवढा हसरा केला. "साळवे, अभिनंदन! आणि हे बघा काय झालं, तुमचा कागद मी केव्हाच सही करून ठेवला होता. कॅटलॉगमध्ये राहून गेला. सॉरी हं."

तिने कागद घेतला. सवयीप्रमाणे वरपासून खालपर्यंत वाचला. ती काहीही तसंच वाचायची, किराणा दुकानाची पिशवीसुद्धा. सहीपर्यंत आली आणि थांबली.

"मॅडम," ती म्हणाली, आवाज अगदी नेहमीचा, "ही मंगळवारची तारीख आहे. मंगळवारी तुम्ही रजेवर होतात. देवासला, भावाकडे सत्यनारायणाला. बुधवारी आम्हाला प्रसाद आणला होतात."

तिने कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. "राहू द्या तुमच्याकडेच. मला आता लागत नाही." आणि ती कचोरीचे कागद गोळा करायला लागली, कारण पोरं तशीच टाकून गेली होती.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. प्राचार्यांकडे गेली असती तर मी चार खोट्या गोष्टी रचून भांडले तरी असते. तिने कोणालाच सांगितलं नाही. दोन वर्षं ती सकाळी विद्यापीठात शिकली आणि दुपारी माझ्या लॅबमध्ये ब्युरेटा भरत राहिली. मॅडम, डिस्टिल्ड वॉटर संपलंय. मॅडम, उद्या थर्ड इयरचं प्रॅक्टिकल आहे. तिच्या बोलण्यात मला कधी काटा सापडला नाही, आणि मी शोधला बरं का, खूप शोधला.

साळवे म्हटलं की मला आठवतं ते मात्र त्या पहिल्या सेमिस्टरमधलं, ऑक्टोबरातलं. मी विद्यापीठात पेपर तपासायला गेले होते. काम उरकून जिना उतरत होते तर वर्गातून घोळका बाहेर पडला, सगळी एकवीस-बावीसची, आणि मधोमध साळवे. पांढरा ॲप्रन, खांद्याला कापडी पिशवी. एक मुलगी तिचा हात ओढत होती, "दीदी चलो ना, पोहा खाते हैं, ठंडा हो जाएगा." घ्या! इथेही तेच! तीन महिन्यांत ह्या पोरांनाही तिने खिशात घातलं होतं. माझ्या एम.एस्सी.त मला कोणी पोह्याला ओढून नेलं नव्हतं.

तिने मला बघितलं. पोरांना म्हणाली, "तुम लोग जाओ, मैं आती हूँ," आणि माझ्यापाशी आली. "मॅडम, बरं झालं भेटलात. ग्रुप थिअरी डोक्यात शिरत नाहीये. आमचं मॅथ्स बारावीला सुटलं ते सुटलंच. सर पटापट पुढे जातात आणि पोरांना विचारलं तर म्हणतात, दीदी रट लो. मला रटायचं नाहीये. पाच मिनिटं आहेत का?"

माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत कोणी मला आपणहून असं विचारलं नव्हतं. आम्ही व्हरांड्याच्या कठड्यावर बसलो. मी तिच्या वहीच्या मागच्या पानावर अमोनियाचा रेणू काढला, वर नायट्रोजन, खाली तीन हायड्रोजन. एकशेवीस अंशांनी फिरवला की तोच दिसतो, हे दाखवलं. मग आरशाच्या पातळ्या. ती ओळीखाली बोट धरून मी काय लिहितेय ते वाचत होती, आणि एकाएकी मला राहवेना.

"साळवे," मी म्हटलं, "तो कागद अडकला नव्हता. मी मुद्दाम दाबून ठेवला होता. तुम्हाला प्रवेश मिळू नये म्हणून."

तिने वहीवरून मान वर केली नाही. बोट तिसऱ्या हायड्रोजनवर होतं.

"माहितेय, मॅडम," ती म्हणाली. "हे दुसऱ्यांदा फिरवल्यावर काय होतं ते सांगा ना. माझी बस आहे."

मी सांगितलं.